चामखिळींचा भोपळा

आमच्या किओज्जात निम्म्या गावाचं आडनाव एकच,
म्हणून सरकारी कागदावरसुद्धा
टोपणनाव लिहावं लागतं.
आमच्या घराला म्हणतात 'खरखरीत'.
का, ते कळायला मळ्यात यावं लागेल.

समुद्र आणि खाडीमधली ही चिंचोळी पट्टी.
वाळू, थोडं शेण, मासळीबाजारातली घाण,
एवढ्यावर तो पोसतो:
निळसर हिरवा, बसक्या पगडीसारखा,
अंगभर चामखिळी.
जसा काही बेडूक उन्हात झोपला
आणि उठायचं विसरला.
पाहुणे नाक मुरडतात.
मी म्हणते, होडीच्या बुडाला शिंपले धरतात ना,
तसंच हे.
खाऱ्या वाऱ्यात फार दिवस काढले
की अंगाला काहीतरी धरतंच.

तीन वर्षांमागे शेजारच्या वाफ्यात
नेवियोने लावला राक्षसी केशरी भोपळा.
जत्रेत न्यायचा, तोलायचा,
त्याच्यावर बसून फोटो काढायचा.
खायचा नाही!
मधमाशांना कुंपण कुठे कळतं.
पुढच्या साली माझ्या वेलीला लागली
गुळगुळीत, फिकट,
नुकतीच न्हाव्याकडून आल्यासारखी पोरं.
चिरलं तर पाणी.
शिजवलं तर लापशी.
नेवियोला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.
तेव्हापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य,
त्यात विळा मी, हे कबूल.

डब्याच्या तळाशी जुन्या बिया नऊ.
आठ कुजल्या.
एक वर आली, आणि तिच्यावर
मी म्हातारपणातली सगळी झोप उधळली.
जुलैत एका संध्याकाळी
इवल्या भोपळ्याच्या टोकाला
मादीकळी पिवळी पडलेली दिसली.
म्हणजे उद्या.
जाळ्याच्या दोऱ्याने तिचं तोंड बांधलं,
हलकं, तापलेल्या पोराला पट्टी बांधावी तसं.
पहाटे पाचला गेले तर
नरफुलं गोगलगायींनी फस्त केलेली.
एकूण एक.
मी वाळूत बसले.

कुंपणापलीकडे नेवियो.
हातात रुमाल, रुमालात एक फूल,
अजून पुरतं न उमललेलं.
"आईच्या गॅलरीतलं," तो म्हणाला,
"चौथा मजला, बादली.
तुम्हीच दिलेलं बी. अकरा वर्षं लावतेय.
तिथे माश्या फिरकत नाहीत,
तीच रंगाच्या ब्रशने..."
आणि लाजून गप्प झाला.

मी आभार मानले नाहीत.
"पाय बघ," म्हटलं, "वेलीवर पडतोय."
पाकळ्या त्याने सोलल्या,
दोरा मी सोडला.
पिवळी पूड तीनदा टेकवली,
पुन्हा गाठ मारली.
मग दोघं उगाच उभे राहिलो.
खाडीतून शिंपलेवाल्याची बोट गेली,
तिने हॉर्न दिला, आम्हाला नव्हे.

ऑक्टोबरात देठ बुचासारखा झाला.
दोन महिने तो कपाटावर बसून होता,
येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत.
नाताळच्या आधी काढला.
सुरी रुतली ती रुतलीच,
वरून लाकडी हातोडा हाणला
तेव्हा कुठे दुभंगला,
आणि आत तो रंग!
पाणी नाही, धागा नाही,
उकडलेल्या चेस्टनटसारखा कोरडा गर.

अर्धा भट्टीत, मंद, दुपारभर,
कडा करपेपर्यंत.
अर्ध्याच्या फोडी तळल्या,
त्यावर कांदा, व्हिनेगर, बेदाणे, चिलगोजे.
दोन दिवस झाकून ठेवायचं असतं.
दोन दिवस कोणी थांबत नाही.
मीही रात्री झाकण उचललं,
चमचा उभ्यानेच.

एक थाळी ओंदिनाकडे, चौथ्या मजल्यावर.
लिफ्ट बंद.
दार नेवियोने उघडलं,
मी थाळी दिली, दम घेतला,
आणि दम लागलाय म्हणूनच
थोडा वेळ बसले.

बिया दोनशे बारा.
वर्तमानपत्रावर वाळताहेत,
खेळाच्या पानाला चिकटून.
त्यातल्या शंभर त्याला देईन म्हणते.
पण चामखिळी येतात की नाही
ते पुढच्या साली कळेल.
तोवर त्याच्याशी
जरा जपूनच बोललेलं बरं.